शालिनीताई पाटील : सांगलीच्या खासदार, कोरेगावच्या आमदार

मेढ्याच्या तहसील कचेरीत जून-जुलैत गेलात तर एक ओळखीचं दृश्य दिसतं. दहावी-बारावी झालेली मुलं, त्यांचे वडील किंवा मामा, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत शाळेचा दाखला, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला. त्यात शेख, सय्यद, पठाण आडनावाची मुलंही असतात. त्यांना ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र हवं असतं. जात न विचारता, घरची मिळकत बघून सवलत द्या, ही मागणी आपल्याच जिल्ह्यातल्या एका महिला आमदाराने फार आधी लावून धरली होती आणि त्यापायी पक्षातली जागा गमावली होती, हे त्या रांगेतल्या फार थोड्यांना माहीत असेल. त्या आमदार म्हणजे शालिनीताई पाटील.

त्यांच्याविषयी मराठीत जे लिहिलं गेलं त्यातलं बरंचसं ‘वसंतदादांच्या पत्नी’ या दोन शब्दांत अडकलेलं आहे. आपल्या समाजात तर त्यांचं नाव क्वचितच निघतं. म्हणून ही नोंद.

दादांचं घर

वसंतदादा पाटील हे सांगलीजवळच्या पद्माळ्याचे. जन्म 1917. जुलै 1943 मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेले क्रांतिकारक, नंतर सांगलीच्या सहकारी साखर कारखान्याचे उभारणीकार आणि चार वेळा राज्याचे मुख्यमंत्री. शाळा फारशी शिकलेले नाहीत, पण 1983 नंतर विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देण्याचा निर्णय त्यांचाच. त्या निर्णयाची बरी-वाईट फळं आज घराघरांत आहेत. आपल्यातली किती तरी मुलं त्याच वाटेने इंजिनियर झाली, आणि किती तरी बापांनी फी भरण्यासाठी जमीन विकली तीही त्याच वाटेने.

अशा माणसाच्या घरात राजकारण बाहेरून यावं लागत नाही. माणसं सकाळपासून ओट्यावर बसलेली असतात. पण त्या काळच्या बहुतेक पुढाऱ्यांच्या घरांत बायकांचं काम पंगती वाढण्यापुरतं होतं. शालिनीताई त्या ओट्यावर येऊन बोलू लागल्या, आणि बोलल्या तेही दादांना विचारून नव्हे, असं त्यांच्या पुढच्या वाटचालीवरून दिसतं. जुलै 1978 मध्ये शरद पवारांनी वेगळा गट करून वसंतदादांचं सरकार पाडलं. सातारा-सांगलीतल्या काँग्रेस घराण्यांत ती जखम बराच काळ ओली होती. ताईंच्या पुढच्या राजकारणाकडे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. गंमत अशी, की पुढे त्या आमदार झाल्या त्या पवारांच्याच पक्षातून.

अंतुले साहेबांच्या मंत्रिमंडळात

जून 1980 मध्ये मरहूम बॅरिस्टर ए. आर. अंतुले मुख्यमंत्री झाले. रायगड जिल्ह्यातल्या आंबेतचे. महाराष्ट्राचे पहिले आणि आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. त्यांच्या मंत्रिमंडळात महसूल खातं होतं शालिनीताईंकडे.

महसूल खातं म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. गावच्या माणसाला नाही. तलाठी, सर्कल, तहसीलदार, प्रांत, कलेक्टर ही सगळी साखळी या खात्याची. सात-बारा, फेरफार, वारसनोंद, दुष्काळाची आणेवारी, दाखले, सगळं तिथेच. एखाद्या विधवा बहिणीचं नाव सात-बाऱ्यावर चढलं की नाही, हे विधानसभेत नाही ठरत, ते तलाठ्याच्या दप्तरात ठरतं. आपल्याकडे शरियतने मुलीला वाटा दिला आहे, पण फेरफाराच्या वेळी ‘बहिणींनी हक्कसोड करून दिली’ अशी ओळ किती सात-बाऱ्यांमागे लपलेली आहे, हे प्रत्येकाने आपापल्या घरात बघावं. अशा खात्याच्या वरच्या खुर्चीवर त्या काळात एक बाई बसली होती, ही साधी गोष्ट नव्हती.

याच सरकारच्या काळात, 1980 मध्ये, संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. निराधार, विधवा, अपंग यांना दरमहा काही रक्कम. अर्ज आजही तहसील कचेरीतच जातो. रक्कम तेव्हा फार छोटी होती, पण सरकारने एकट्या पडलेल्या म्हातारीच्या हातावर महिन्याला पैसे ठेवायचे ही कल्पनाच नवी होती. कुलाब्याचं रायगड झालं, सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे निघाले, तेही याच काळात. जिल्हा नवा करायचा म्हणजे हद्दी, दप्तरं, कचेऱ्या वेगळ्या करायच्या, आणि हे सगळं काम महसुलाच्या माणसांचं.

दादांचा गट आणि अंतुले यांचं मात्र जमलं नाही. ताईंचंही साहेबांशी पटलं नाही. दोघंही कुणाचं ऐकून घेणाऱ्यातले नव्हते. जानेवारी 1982 मध्ये सिमेंट प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर अंतुले साहेबांनी मुख्यमंत्रिपद सोडलं. त्या वादात कोण किती बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. आपल्या समाजातले काही जुने लोक ताईंचं नाव निघालं की याच कारणाने तोंड वाकडं करतात, तेवढं नोंदवून पुढे जाऊ.

आर्थिक निकष, पहिल्यांदा

त्याच सुमारास मुंबईत अण्णासाहेब पाटील यांचं आंदोलन उभं राहत होतं. अण्णासाहेब मूळचे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्याचे, माथाडी कामगारांचे नेते. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसांना कायद्याचं संरक्षण मिळवून देण्यात त्यांचा वाटा मोठा, आणि त्या माथाडींत साताऱ्याची माणसं किती, हे जावळीच्या कुठल्याही वाडीत विचारा. निम्मी वाडी मुंबईत. या अण्णासाहेबांची मागणी होती की सवलतींना आर्थिक निकष लावा. 22 मार्च 1982 ला त्यांनी मुंबईत मोर्चा काढला. मागणी मान्य झाली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. शालिनीताईंचं नाव या मागणीशी तेव्हापासून जोडलं गेलं, ते शेवटपर्यंत सुटलं नाही.

फेब्रुवारी 1983 मध्ये वसंतदादा पुन्हा मुख्यमंत्री झाले. त्यांना दिल्लीतली सांगलीची जागा सोडावी लागली. पोटनिवडणुकीत शालिनीताई उभ्या राहिल्या आणि सांगलीच्या खासदार झाल्या. ती लोकसभा 1984 च्या अखेरीस संपली आणि ती जागा दादांचे चिरंजीव प्रकाशबापूंकडे गेली. दादा पुढे राजस्थानचे राज्यपाल झाले आणि 1 मार्च 1989 ला गेले.

इथे बऱ्याच बायकांचं राजकारण संपतं. नवऱ्याचं नाव, नवऱ्याची जागा, मग मुलगा मोठा झाला की बाजूला. आपल्या दोन जिल्ह्यांतलीच उदाहरणं घ्या. कऱ्हाडातून लोकसभेत गेलेल्या प्रेमलाकाकी चव्हाण या आनंदराव चव्हाणांच्या पत्नी. तासगाव-कवठेमहांकाळच्या सुमनताई पाटील या आर. आर. आबांच्या पत्नी. आबा फेब्रुवारी 2015 मध्ये गेले, सुमनताई पोटनिवडणुकीत निवडून आल्या, 2019 ला पुन्हा आल्या, आणि 2024 ला मुलगा रोहित उभा राहिला. आम्ही हे टीका म्हणून सांगत नाही. दुःखात घर सोडून मतदारसंघ सांभाळणं सोपं नसतं. पण शालिनीताईंची गोष्ट इथे वेगळी होते. दादा गेल्यानंतर दहा वर्षांनी, सांगली सोडून शेजारच्या सातारा जिल्ह्यात, त्यांनी नव्याने मत मागितलं.

कोरेगाव, आणि शेजारी जावळी

1999 मध्ये शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेस काढली आणि सातारा जिल्हा जवळजवळ सगळा तिकडे गेला. कोरेगावातून शालिनीताई आमदार झाल्या. हा मतदारसंघ साधा नव्हता. विधानसभेचे अध्यक्ष राहिलेल्या शंकरराव जगतापांचा तो गड. 2004 ला ताई पुन्हा निवडून आल्या. तेव्हा मेढ्याची माणसं वेगळ्या मतदारसंघात मत देत होती, जावळी नावाच्या. तिथले आमदार होते हुमगावचे शशिकांत शिंदे, तेही राष्ट्रवादीचेच, तेही 1999 आणि 2004 असे दोन वेळा. ही शेजार पुढे कुठे पोचली ते येईलच.

आमदार म्हणून ताईंची ख्याती एकाच गोष्टीची होती. बोलायचं ठरवलं की समोर कोण आहे ते बघायच्या नाहीत. पक्षाच्या बैठकीत एक आणि बाहेर एक, हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. कार्यकर्त्याला हे आवडतं, पक्षाला परवडत नाही.

2006 च्या सुमारास ते फुटलं. देशात तेव्हा केंद्रीय उच्च शिक्षणसंस्थांतल्या ओबीसी आरक्षणावरून रान पेटलेलं होतं. शालिनीताईंनी जाहीरपणे म्हणायला सुरुवात केली की आरक्षण जातीवर नको, गरिबीवर द्या. सत्तेतल्या पक्षाच्या आमदाराने हे बोलणं पक्षाला मानवणारं नव्हतं. राष्ट्रवादीने त्यांना पक्षाबाहेर काढलं. त्यांनी माघार घेतली नाही, ‘क्रांतिसेना’ नावाची संघटना काढली आणि आर्थिक निकषाचा झेंडा हातात धरून गावोगाव फिरू लागल्या. वय तेव्हा घरी बसण्याचं होतं.

आता आमचं मत. ताईंच्या मागणीतला अर्धा भाग आम्हाला पटतो, अर्धा नाही. जातीवर आरक्षण नको म्हणताना त्या एक गोष्ट बाजूला ठेवत होत्या. जातीचा मार गरिबीच्या मारासारखा नसतो. पैसा आला तरी तो जात नाही. दलित समाजाने त्यांच्यावर टीका केली, ती उगीच नव्हती. आपल्याला तर हे जास्त कळायला हवं. बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा आपल्यातल्या किती तरी बिरादऱ्यांना जी काही सवलत मिळते ती ओबीसीच्या यादीतूनच, म्हणजे जातीच्याच आधारावर. शब्बीर अन्सारींसारख्या माणसांनी मुस्लिम ओबीसींसाठी वर्षानुवर्षे झगडा केला तेव्हा कुठे ती दारं उघडली. जातीचा आधार काढून घेतला तर ही दारं आधी बंद होतील.

पण दुसरा अर्धा भाग खरा होता. यादीत नसलेला गरीब माणूस कुठे जाणार? शेख रिक्षावाला, सय्यद गवंडी, पठाण हमाल. कागदावर ‘खुला प्रवर्ग’, घरात पत्र्याचं छप्पर. ताई मराठा कुटुंबांविषयी बोलत होत्या, आपल्याविषयी नाही, हे खरं. पण त्यांचं वाक्य आपल्या घरालाही लागू होत होतं. योगायोग बघा, त्याच 2006 च्या नोव्हेंबरमध्ये न्या. राजिंदर सच्चर समितीचा अहवाल आला आणि देशातल्या मुसलमानांची हलाखी सरकारी कागदावर उतरली. एकीकडे सच्चर, दुसरीकडे शालिनीताई. दोन्ही एकाच वेळी छापून येत होतं, आणि आमच्या आठवणीप्रमाणे आपल्या बैठकांत फक्त पहिल्याची चर्चा झाली.

पुढे काय झालं

आर्थिक निकष ही काही ताईंची एकटीची कल्पना नव्हती. नरसिंह राव सरकारने 1991 मध्ये खुल्या प्रवर्गातल्या गरिबांना 10 टक्के देऊ केले होते. सर्वोच्च न्यायालयाने इंद्रा साहनी खटल्यात, नोव्हेंबर 1992 मध्ये, ते रद्द केलं आणि एकूण आरक्षणाला 50 टक्क्यांची मर्यादा घातली. म्हणजे ताई 2006 मध्ये जे मागत होत्या ते घटना बदलल्याशिवाय शक्यच नव्हतं. त्यांना वेड्यात काढणाऱ्यांचा हाच मुद्दा होता.

मधल्या काळात महाराष्ट्रात जुलै 2014 मध्ये अध्यादेश निघाला. मराठा समाजाला 16 टक्के, मुस्लिमांतल्या मागास गटांना 5 टक्के. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षण थांबवलं, मुस्लिमांचं नोकरीतलं थांबवलं, पण शिक्षणातलं 5 टक्के तात्पुरतं राहू दिलं. ते टिकवण्यासाठी कायदा करायला हवा होता. तो झाला नाही, अध्यादेशाची मुदत संपली, आणि न्यायालयाने ठेवलेलंही हातून गेलं.

मग जानेवारी 2019 मध्ये 103 वी घटनादुरुस्ती झाली. जातीच्या आरक्षणात नसलेल्या सर्व धर्मांच्या गरिबांना 10 टक्के. 7 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ती वैध ठरवली. दोघा न्यायमूर्तींचा आक्षेप होता की दलित, आदिवासी आणि ओबीसींतल्या गरिबांना यातून वगळणं अन्यायाचं आहे. तो आक्षेपही वजनदार आहे.

मेढ्यातल्या वाचकांसाठी थोडं कामाचं. ज्यांची जात ओबीसी, भटक्या-विमुक्त किंवा इतर आरक्षित यादीत नाही, त्यांनाच ईडब्ल्यूएस मिळतं. घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. प्रमाणपत्र तहसीलदार देतात. 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीपासून कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा मागतात, म्हणून आजोबांचा शाळेचा दाखला किंवा जुना सात-बारा जपून ठेवा. केंद्राच्या नोकरीसाठी वेगळा नमुना आहे आणि त्यात पाच एकर शेतीसारख्या मालमत्तेच्या अटीही आहेत. घोटाळा होतो तो जातीच्या रकान्यात. आपल्या बहुतेकांच्या दाखल्यावर फक्त ‘मुस्लिम’ किंवा ‘मुसलमान’ लिहिलेलं असतं. बिरादरी ओबीसीत असेल तर आधी तिकडचा पुरावा शोधा, तिथे सवलती जास्त आहेत. ईडब्ल्यूएस त्यानंतर. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

मतदारसंघ हलला

2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेत जावळी हा विधानसभा मतदारसंघच नकाशावरून गेला. मेढा साताऱ्याला जोडलं गेलं. जावळीचे आमदार शशिकांत शिंदे मतदारसंघाविना राहिले, आणि राष्ट्रवादीने त्यांना कोरेगावला पाठवलं. 2009 ला ते तिथून निवडून आले. शालिनीताईंची विधानसभेतली दहा वर्षं तिथे संपली. म्हणजे मेढ्याची जागा पुसली गेली, त्याचा एक धक्का कोरेगावात बसला. आपल्याकडच्या माणसांना तेव्हा हळहळ होती ती फक्त जावळीचं नाव गेल्याची.

विधानसभेत बायका किती, हेही इथेच सांगून टाकू. 2019 ला 288 पैकी 24 निवडून आल्या, 2024 ला 21. मुस्लिम महिला तर बोटांवर मोजण्याइतक्याही नाहीत. परभणीच्या फौजिया खान विधान परिषदेतून आल्या, 2009 पासून राज्यमंत्री होत्या, राज्यातल्या पहिल्या मुस्लिम महिला मंत्री, आणि 2020 मध्ये राज्यसभेत गेल्या. 2024 ला मुंबईच्या अणुशक्तीनगरमधून सना मलिक निवडून आल्या, नवाब मलिकांच्या कन्या. सातारा-सांगलीतून अजून कुणी नाही. खाली मात्र चित्र वेगळं आहे. 2011 पासून ग्रामपंचायत ते महापालिका निम्म्या जागा महिलांच्या आहेत. आणि मतपेटीचं बळ जावळीच्या बायकांनी स्वतः दाखवलंय. दारूच्या दुकानावर मतदान घेऊन त्यांनी बाटली आडवी केली, तेव्हा कुठल्या पक्षाचं तिकीट लागलं नव्हतं.

जरंडेश्वर

ताईंच्या शेवटच्या लढाईचं नाव आहे जरंडेश्वर. कोरेगाव तालुक्यात चिमणगावला त्यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, डोंगराचं नाव दिलं. शेतकऱ्यांचे शेअर्स, राज्य सहकारी बँकेचं कर्ज, नेहमीचा मार्ग. कारखाना कर्जात गेला. बँकेने 2010 मध्ये तो लिलावात काढला, आणि 65 कोटी 75 लाखांना गुरू कमोडिटी सर्व्हिसेस या खासगी कंपनीने घेतला. पुढे तो जरंडेश्वर शुगर मिल्स या कंपनीकडे चालवायला गेला.

सभासदांच्या वतीने ताई कोर्टात गेल्या. कारखाना बुडाला नाही, तो बुडवून कमी भावात विकला, हे त्यांचं म्हणणं. कारखाना चालवताना त्यांच्या बाजूने काही चुकलं नसेल असं कुणी म्हणणार नाही, कर्ज थकलं हे खरंच आहे. पण लिलावाचा प्रश्न वेगळा आहे. तारखांवर तारखा पडल्या. जावळीतल्या ऊस उत्पादकांना हे सांगायची गरज नाही, सोनगावच्या प्रतापगड कारखान्यानेही बंद-चालूचे दिवस पाहिलेत. ऊस उभा आणि गाळप नाही, तो हिवाळा कसा जातो ते ज्याचं शेत त्याला माहीत.

राज्य सहकारी बँकेच्या कर्जवाटपाबाबत जनहित याचिका झाली आणि ऑगस्ट 2019 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने गुन्हा नोंदला गेला. त्याच्या आधारे ईडीने तपास सुरू केला आणि जुलै 2021 मध्ये जरंडेश्वरची जमीन, इमारत आणि यंत्रं जप्त केल्याचं जाहीर केलं. किंमत दाखवली ती लिलावाचीच, 65 कोटी 75 लाख. लिलाव कमी किमतीत आणि योग्य पद्धत न पाळता झाला, असं ईडीने म्हटलं. संबंधितांनी आरोप नाकारले. ताई तेव्हा नव्वदीच्या आसपास होत्या. टीव्हीवाले त्यांच्या दारात गेले, आणि अकरा वर्षं त्या जे सांगत होत्या तेच त्यांनी पुन्हा सांगितलं : कारखाना सभासदांचा आहे, सभासदांना परत द्या.